पोक्यावर हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला: ‘वासूनाका’ वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचनगटासाठी भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी घेतली, पहिली चाळीसेक पानं एका बैठकीत वाचून काढली, भाषेनं झपाटून टाकलं. मग नाक्यावरची पोरं मुलींविषयी ज्या तऱ्हेनं बोलतात ते वाचून मळमळायला लागलं आणि पुस्तक पालथं ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा उचललं. आता रविवारी गटात बोलायची पाळी तुमची आहे आणि आवडलं म्हणावं की नाही हे कळत नाहीये. शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे: ‘दोन-तीन ठिकाणी मी खळखळून हसले आणि नंतर माझाच राग आला.’

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न त्या ओळीत आहे. पुस्तकाला किती गुण द्यायचे याची तुम्हाला फारशी फिकीर नाही. तुम्हाला विचारायचंय ते हे की मी हसले, म्हणजे मीही त्या टोळक्यात जाऊन उभी राहिले का?

मी मुंबईतल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. ‘वासूनाका’ अभ्यासाला असो-नसो, तिची पानं मी दरवर्षी वर्गात नेत आले. त्यामुळे हे उत्तर वर्गात पुस्तक मोठ्यानं वाचणाऱ्या बाईचं आहे, असं समजून वाचा.

आधी जे सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून आहे ते सांगते. पुस्तक पुरं केलंच पाहिजे असं अजिबात नाही. शाळेत जाता-येता जिला रोज एका टोळक्यासमोरून जावं लागलं, तिला ‘साहित्य म्हणून बघ’ असं सांगायचा अधिकार मला नाही. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी येऊन ‘मॅडम, हे मला नको’ एवढंच म्हणाली. मी कारण विचारलं नाही, दुसरी कादंबरी दिली. तुमची मळमळ त्या जातीची असेल तर पुस्तक बंद करा आणि गटात तसं सरळ सांगा. पण तुम्ही ते दोन दिवसांनी पुन्हा उचललंत. म्हणून पुढचं लिहिते.

‘वासूनाका’ १९६५ सालची. पाध्ये तेव्हा चाळिशीला टेकलेले होते, कामगार चळवळीत वावरलेले, वर्तमानपत्रांत काम करणारे. मुंबई त्यांनी पायाखाली घातलेली होती. त्याआधीच्या बहुतेक मराठी कादंबऱ्यांत गरीब माणूस बोलीत बोलायचा, पण त्याची गोष्ट सांगणारा लेखक मात्र शुद्ध मराठीत बोलायचा. अवतरणचिन्हाच्या आत चाळ आणि बाहेर प्राध्यापक. पाध्यांनी हे अवतरणचिन्हच काढून टाकलं. नाक्यावरच्या पोरांतला एक, पोक्या, तोच सगळं सांगतो, स्वतःच्याच भाषेत, आणि त्याच्या डोक्यावर बसून ‘बघा, हा कसा वाईट मुलगा आहे’ असं सांगणारं कुणी नाही. त्याला शिक्षा होत नाही, तो सुधारत नाही, लेखक मध्ये येऊन कान उपटत नाही.

तुम्हाला भाषेनं झपाटलं ते याच कारणानं आणि मळमळलं तेही याच कारणानं. निवाडा करणारा माणूस पुस्तकातून निघून गेला की ते काम वाचणाऱ्याच्या अंगावर येतं. तुम्ही हसलात, राग आला, पुस्तक पालथं ठेवलंत, पुन्हा उचललंत, हे सगळं तेच काम आहे. ते तुमच्या हातून चुकून झालेलं नाही.

आचार्य अत्र्यांनी या कादंबरीवर कडाडून हल्ला चढवला होता, हे तुमच्या गटात कुणीतरी सांगेलच. त्या वादाचा भर भाषेवर आणि सभ्यतेवर होता. अश्लील काय हा प्रश्न त्या दशकात कोर्टातही गाजत होता. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही १९६२च्या दिवाळी अंकातली कथा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ साली ती अश्लील नाही असा निकाल लागला. पण तुमची अडचण शिव्यांची नाही, नाहीतर तुम्ही तिसऱ्या पानावरच थांबला असतात. म्हणून कुणी ‘अहो, ही वास्तववादी भाषा आहे, इतकं काय सोवळं’ म्हणालं तर त्या वादात शिरू नका. तो तुमचा मुद्दाच नाही.

तुमचा मुद्दा समजून घ्यायला मला शेजारी दोन गोष्टी ठेवून बघाव्या लागतात. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आलं, सेन्सॉरनं अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं. सखाराम पोक्यापेक्षा कितीतरी क्रूर. नवऱ्यानं टाकलेल्या बायका घरी आणतो, आपल्या अटींवर ठेवतो, मारतो. पण नाटक पाहताना जी घुसमट होते ती वेगळी, कारण सखाराम कितीही तोंड टाकत असला तरी त्यानं आणलेल्या बायकांपैकी एक, चंपा, समोर उभी असते. सखाराम झालेले निळू फुले बोलत असताना प्रेक्षकाची नजर चंपा झालेल्या लालन सारंगांकडे जाऊ शकायची. तिचा चेहरा, तिचं गप्प राहणं, तिचं उलटून बोलणं सखारामच्या ताब्यात नव्हतं. प्रथमपुरुषी कादंबरीत ही सोय नाही. पोक्या जिकडे बघतो तिकडेच आपल्याला बघता येतं. त्यानं मुलीचे पाय पाहिले तर आपल्याला पाय दिसतात. ती मनात काय म्हणाली ते कुणी सांगत नाही, कारण सांगणारा मनात शिरलेलाच नाही.

दुसरी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’, १९६३ची. तीही प्रथमपुरुषी, तिचा नायक पांडुरंग सांगवीकरही कशाचीच भीड ठेवत नाही. पण त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते तिथं त्या खिल्ली उडवणाऱ्या भाषेला तडा जातो. मी शिकवताना मुलांना हा तडा शोधायला सांगायची. बेगुमान बोलणारा नायक असला की पुस्तकात कुठे ना कुठे अशी जागा असते जिथं त्याचा आवाज त्याला सोडून जातो. ती सापडली की लेखक नायकापेक्षा किती उंचीवरून बघतोय ते कळतं.

‘वासूनाका’त असे तडे आहेत का? माझ्या वाचनात आहेत, पण बारीक. पोक्या टोळीबरोबर हसतो आणि सांगण्याच्या ओघात एखादी गोष्ट अशी सांगून जातो की वाटतं, टोळीतल्या दुसऱ्या कुणाला ही दिसलीच नसती. मग लगेच तो ती चेष्टेत बुडवतो. भराभर वाचलं तर निसटते. पहिल्या वाचनात माझ्याही निसटल्या होत्या.

आता माझं स्वतःचं. मी परळला चाळीत वाढले. खोली दहा बाय बाराची, माणसं आठ. अशा घरात मुलगा मोठा झाला की दिवसा त्याला घरात बसायला जागा नसते, रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असतो. तो खाली नाक्यावर जातो. मुलगी मोठी झाली की तिला खाली थांबायला जागा नसते. ती गॅलरीत येते, नळावर जाते, परत येते. नाका आणि गॅलरी ही एकाच खोलीनं बाहेर ढकललेली दोन पोरं. मला हे वीस वर्षांची असताना कळत नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच कळायचं की नाक्यावरून जाताना पायांचा वेग आपोआप वाढतो.

आणि त्या नाक्यावर माझा सख्खा मोठा भाऊ असायचा.

मी येताना दिसले की शिट्या थांबायच्या, कारण ‘दादाची बहीण’. माझ्यामागून येणाऱ्या मुलीसाठी पुन्हा सुरू व्हायच्या. पाठमोऱ्या मला ते ऐकू यायचं. एकदा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून मागे वळून पाहिलं. दादा हसत नव्हता, पण तिथून हललाही नव्हता. चपलेच्या टोकानं रस्त्यावरचा खडा इकडून तिकडे करत होता. त्याच दादानं त्याच महिन्यात तळमजल्यावरच्या आजींना दम्याचा झटका आला तेव्हा रात्री दोन वाजता त्यांना पाठीवर घेऊन केईएमपर्यंत नेलं होतं. त्यालाच मदत करायला नाक्यावरची आणखी दोन पोरं धावली होती, जी शिट्या मारण्यात सगळ्यात पुढे असायची.

कॉलेजच्या वाचनालयातून ‘वासूनाका’ पहिल्यांदा आणली तेव्हा मी लपवून वाचली आणि तुमच्यासारखीच खळखळून हसले. त्या भाषेत मला घरचा आवाज ऐकू आला होता. दादा आणि त्याचे मित्र दिवाळीत आमच्या गॅलरीत बसून असंच बोलायचे, असेच पाय ओढायचे, साहेबी थाटात वागणाऱ्याची अशीच उतरवायचे. पुस्तकात ती भाषा असू शकते याचाच मला केवढा आनंद झाला होता. मग पुढच्या पानावर एक मुलगी नाक्यावरून गेली, आणि मी एकदम पुस्तकाच्या बाहेर, जिन्याच्या पायरीवर.

म्हणून तुम्हाला सांगते, हसण्याबद्दल स्वतःला शिक्षा करू नका, पण हसू सगळं एकाच मापानं मोजू नका. पेन्सिल घ्या. ज्या दोन-तीन ठिकाणी हसलात तिथं खूण करा आणि तिथली चेष्टा कुणाच्या अंगावर जाते ते बघा. या पोरांची जीभ दोन दिशांना सुटते. एक वर: नोकरदार, इस्त्रीचे कपडे घातलेले, शहाणपण शिकवणारे, संस्कृतीच्या गप्पा मारणारे. तिथं हसताना मला आजही संकोच वाटत नाही, कारण ज्यांच्या हातात काही नाही ते ज्यांच्या हातात सगळं आहे त्यांची उतरवतायत. दुसरी खाली: नळावरून परत निघालेली मुलगी. तिच्याकडेही काही नाही, पोरांपेक्षा कमीच आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२चा, त्यातली भाषा याहून कितीतरी उग्र आहे, तरी तो वाचताना मला ही मळमळ होत नाही. तिथली शिवी ज्यांनी ती दुनिया उभी केली त्यांच्या तोंडावर जाते. नाक्यावरची बरीचशी शिवी वर जायला निघते, तिथं पोचत नाही, आणि जी समोर सापडेल तिच्या अंगावर पडते.

तुमच्या खुणांपैकी एखादी ‘खाली’ जाणाऱ्या चेष्टेवरही निघेल. माझी निघाली. माझ्याकडच्या प्रतीत तीन वेळच्या वाचनाच्या खुणा आहेत. लग्नानंतर स्वतःची प्रत घेतली तेव्हाची काळी पेन्सिल, शिकवायला लागल्यावरची निळी, आणि मुलगी कॉलेजात जायला लागली त्या वर्षीची लाल. काळी खूण आणि लाल खूण एका ठिकाणी शेजारी शेजारी आहेत. काळ्यानं समासात मी ‘वा!’ लिहिलंय. लालनं त्याच ओळीखाली नुसती रेघ ओढली आहे, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली. मी यातली कुठलीच खोडलेली नाही. दोन्ही माझीच आहेत.

वर्गातला एक तास सांगते, कारण तो तुम्हाला रविवारी उपयोगी पडेल. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, एस. वाय.चा वर्ग, दुपारची वेळ. मी नाक्यावरून जाणाऱ्या मुलीचा एक प्रसंग मोठ्यानं वाचत होते. मागच्या बाकांवर हशा झाला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं पेनाला टोपण लावलं. तो ‘टक्’ आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला की मी वाक्य अर्धवट सोडलं. पुस्तक मिटलं आणि सांगितलं, हीच पाच मिनिटं त्या मुलीच्या बाजूनं लिहा, दहा ओळी.

मुलांनी लिहिलं त्यात ती मुलगी एकतर चिडलेली होती किंवा लाजलेली. म्हणजे काहीही झालं तरी ती त्यांचाच विचार करत होती. टोपण लावणाऱ्या मुलीनं चारच ओळी लिहिल्या होत्या. तिची मुलगी पावलं मोजत होती. नाक्यापासून जिन्यापर्यंत एकशे चौदा. हातात रॉकेलचा डबा असला की एकशे वीस, कारण पावलं आखूड पडतात. मागून कोण काय म्हणालं ते त्या चार ओळींत नव्हतंच.

वर्ग बराच वेळ गप्प होता. मग हसणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, ‘मॅडम, पोक्याला तो डबा दिसला असता का?’ मी एकतीस वर्षांत ऐकलेला या कादंबरीवरचा हा सगळ्यात चांगला प्रश्न. त्या दिवशी तास संपल्याची घंटा होऊन गेली तरी आम्ही बोलत होतो.

आता माझं मत स्पष्ट सांगते. नाका जसा पाध्यांनी लिहिला तसा मराठीत दुसऱ्या कुणी लिहिला नाही. बेकार पोरांचा कंटाळा, त्यातून येणारी मस्ती, आपण फुकट चाललोय हे आतून ठाऊक असण्याची भीती, एकमेकांना धरून राहण्याची असोशी, हे सगळं त्यांनी त्या पोरांच्याच तोंडून वदवलं. दिलीप चित्र्यांसारख्या कवीनं पाध्यांच्या कथा निवडून संपादित केल्या, त्यामागे हीच कदर होती. पण डबा पाध्यांनाही फारसा दिसलेला नाही. बहुतेक प्रसंगांच्या मधोमध बाई आहे आणि तरी ती नाक्यावरून दिसते तेवढीच आहे. ‘निवेदक पोक्या आहे, मग दुसरं काय दिसणार’ हे उत्तर मला अर्धंच पटतं. निवेदकाला जे कळत नाही ते वाचकाला कळू देण्याच्या वाटा लेखकाकडे असतात. पाध्यांनी त्या मोजक्याच ठिकाणी वापरल्या. आणि ‘तो काळच तसा होता’ हे तर मी ऐकूनच घेत नाही. त्या काळात जिन्यावर आम्हीही होतो.

ही उणीव आहे असं म्हटल्यानं पुस्तक लहान होत नाही. मी ते तीसहून अधिक वर्षं वर्गात नेलं ते उगीच नाही. बेकारीवर लिहिलेले कितीतरी लेख मी वाचले. सगळ्यांत आकडे होते, कारणं होती. दादा त्या संध्याकाळी खडा का ढकलत होता हे मला त्यातल्या कुठल्याच लेखानं सांगितलं नाही. पोक्यानं थोडंफार सांगितलं.

तेव्हा रविवारी ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ यातलं एक निवडायची सक्ती स्वतःवर करू नका. दोन पानं काढून ठेवा: एक जिथं मनापासून हसलात, एक जिथं पुस्तक पालथं ठेवलंत. दोन्ही गटात मोठ्यानं वाचा. मनात वाचताना आपण नकोसा शब्द डोळ्यानं ओलांडून जातो, मोठ्यानं वाचताना तो जिभेवर घ्यावा लागतो आणि आवाज कुठे अडखळतो ते सगळ्यांना कळतं. तुमच्या गटात पुरुष असतील तर दुसरं पान त्यांच्यापैकी कुणाला वाचायला द्या. मी वर्गात तसं करायची. मागच्या बाकावर बसून हसणं आणि उभं राहून तेच वाक्य पन्नास जणांसमोर वाचणं यात फार फरक पडतो.

आणि उरलेली पानं वाचणार असाल तर एक काम माझ्यासाठी करा. निवृत्त झाल्यावर मी माझी ती तीन रंगांच्या खुणांची प्रत दादाला दिली. तो आता सत्तरीच्या पुढे आहे, ठाण्याला असतो. त्यानं आठवड्यात वाचून परत आणून दिली. म्हणाला, ‘पोरं बरोब्बर लिहिलीयत. पण आमच्यात एकजण असायचा, त्याला ते आवडायचं नाही आणि तरी तो तिथून हलायचा नाही. तो ह्यात नाही.’ मी म्हटलं, आहे की, तोच तर सांगतोय सगळं. दादाला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, पोक्या आवडीनं सांगतो, तो वेगळा. आमचा यावर अजूनही वाद चालतो. तुम्हाला त्या पानांत तो सापडतो का, ते मला नक्की कळवा.